एक प्रत, दुसरा संगणक

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत लेखनाविषयी काही लिहायचे तर सुरुवात गणरायापासूनच करावी. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने ते लिहून घ्यायचे ठरले, तेव्हा दोघांत आधी करार झाला, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. गणपती म्हणाला, माझी लेखणी मध्येच थांबता कामा नये. व्यास म्हणाले, कबूल. पण अर्थ कळल्याशिवाय एकही श्लोक लिहायचा नाही. दोन्ही बाजूंची एकेक अट, आणि ती दोघांनाही नीट समजलेली. लेखन आणि अट यांचे नाते आपल्याकडे इतके जुने आहे.

आज संगणकावर एखादा प्रोग्राम घालायला घेतला की पडद्यावर असाच एक करारनामा उभा राहतो. तो लांबलचक असतो, वकिली इंग्रजीत असतो, आणि बहुतेक लोक तो न वाचता खालच्या 'मान्य आहे'वर टिचकी मारतात. या करारात एक अट हमखास असते: हा प्रोग्राम किती संगणकांवर घालता येईल? घरात दुसरा संगणक आला, जुना बिघडून नवा घ्यावा लागला, मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला, की हा प्रश्न दारात येतो. दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरे सांगतो, आणि भाचा तिसरेच काही करून देतो.

ही अट कोठून आली, कशी बदलत गेली आणि तिच्यात आपली मराठी अक्षरे कशी अडकली, याचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत. विषय रुक्ष वाटेल, पण वाचकहो, आपल्या मंडळांच्या जुन्या स्मरणिकांचे आणि त्यांत लिहिणाऱ्या माणसांच्या शब्दांचे भवितव्य या अटीशी जोडलेले आहे.

पोथीपासून खिळ्यांपर्यंत

छापखाना येण्याआधी प्रत काढणे म्हणजे हाताने लिहून काढणे. पोथी कोणीही उतरून घ्यावी, त्याला बंदी नव्हती. उलट ते पुण्यकर्म समजले जाई. पण अट तिथेही होती. शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घुसडू नये असे शेवटी बजावून ठेवले. म्हणजे प्रती हव्या तितक्या करा, पण मूळ पाठ बिघडवू नका. नाथांची ही अट लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

छपाई आली आणि प्रतींचा हिशोब सुरू झाला. आपल्या देशात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १८४७ साली, पुस्तकांच्या हक्काचा पहिला कायदा झाला. आज चालू असलेला कॉपीराइट कायदा १९५७ चा. परंतु हा कायदा मजकुराचा होता. अक्षरे ही छापखान्याची मालमत्ता असे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या ठिकाणी ओतलेले शिशाचे खिळे छापखानेवाला वजनावर विकत घेई. एकदा घेतले की ते त्याचे. त्याने ते शंभर वेळा जुळवावेत, दुसऱ्या छापखान्याला विकावेत, नाही तर झिजल्यावर वितळवावेत. दुसऱ्या गावात शाखा काढायची तर खिळ्यांचा दुसरा संच घ्यावा लागे. कारण एक खिळा एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. अट निसर्गानेच घातलेली होती, ती कागदावर लिहायची गरज नव्हती.

संगणकाने नेमकी हीच गोष्ट मोडली. प्रोग्रामची प्रत काढायला शिसे लागत नाही, श्रम लागत नाहीत आणि मूळ प्रत जशीच्या तशी राहते. निसर्गाने घातलेली अट गेली, म्हणून माणसाने कागदी अट आणली.

प्रोग्रामला किंमत कशी आली

सुरुवातीला संगणकाचा प्रोग्राम वेगळा विकलाच जात नसे. अवाढव्य यंत्राबरोबर तो येई, जसा शिलाई मशीनबरोबर सुयांचा डबा. जून १९६९ मध्ये आयबीएम या अमेरिकन कंपनीने यंत्र आणि प्रोग्राम यांची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले. प्रोग्राम ही स्वतंत्र विकाऊ वस्तू झाली ती तिथून.

पुढे लहान संगणक आले. त्यांतल्या अल्टेअर नावाच्या संगणकासाठी बिल गेट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी 'बेसिक' हा प्रोग्राम लिहिला. लोक त्याच्या प्रती एकमेकांना देऊ लागले. तेव्हा फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे, बाकीचे फुकट वापरत आहेत, अशी त्यांची तक्रार होती. यंत्राला पैसे देता आणि प्रोग्राम मात्र वाटून घ्यायचा म्हणता, मग चांगले प्रोग्राम लिहिणार कोण, हा त्यांचा प्रश्न. तो प्रश्न आजही खरा आहे.

१९८०च्या दशकात कंपन्यांनी कुलपे शोधली. लोटस १-२-३ हा हिशोबाचा गाजलेला प्रोग्राम वापरताना मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालावी लागे. फ्लॉपी खराब झाली की प्रामाणिक गिऱ्हाईकच अडकून पडे. याच काळात बोरलँड या कंपनीने मात्र सरळ भाषेतला करारनामा दिला. त्याचा आशय असा, की हा प्रोग्राम पुस्तकासारखा समजा. कितीही लोकांनी वापरा, एका संगणकावरून दुसऱ्यावर न्या. फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी तो वापरला जाऊ नये, जसे एक पुस्तक दोन माणसे दोन गावांत एकाच वेळी वाचू शकत नाहीत. शिशाच्या खिळ्याला निसर्गाने जी अट घातली होती तीच बोरलँडने शब्दांत लिहिली. आमच्या मते दुसऱ्या संगणकाच्या प्रश्नाचे इतके समजूतदार उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

देवनागरीचे कार्ड आणि डोंगल

आता आपल्या अक्षरांकडे येऊ. संगणक जन्मला तो रोमन लिपी घेऊन. त्यावर देवनागरी आणण्याचे मोठे काम आपल्या देशात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेत ते वाढले. त्यातून 'जिस्ट' नावाचे कार्ड आले. डॉसवर चालणाऱ्या संगणकाच्या पोटात हे कार्ड बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. इथे मौज अशी की अक्षरे पुन्हा एकदा वस्तू झाली होती. दुसऱ्या संगणकावर मराठी हवी असेल तर दुसरे कार्ड विकत घ्या. हिशोब अगदी खिळ्यांसारखा.

नव्वदच्या दशकात विंडोज आले, डीटीपी आले आणि छापखान्यांतले जुळारी हळूहळू दिसेनासे झाले. पेजमेकर हा पाने लावण्याचा प्रोग्राम आणि त्याच्या जोडीला मराठी टंकांचा संच, अशी जोडी सगळीकडे दिसू लागली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि सी-डॅकचे आयएसएम ही नावे त्या काळी डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी होती. कार्ड गेले आणि त्याच्या जागी डोंगल आले.

आजच्या मुलांना डोंगल म्हणजे इंटरनेटची काडी वाटते. पण तेव्हाचे डोंगल म्हणजे काड्यापेटीएवढा एक ठोकळा. तो संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या जागी लावायचा आणि त्याच्या मागे प्रिंटरची केबल जोडायची. मराठी प्रोग्राम सुरू होताना आधी या ठोकळ्याची चौकशी करी. ठोकळा असेल तर टंकलेखन चाले, नसेल तर नाही. प्रोग्रामची सीडी तुम्ही दहा संगणकांवर घाला, पण ठोकळा एकच. म्हणून मराठी एका वेळी एकाच संगणकावर. लोक त्याला सरळ 'लॉक' म्हणत.

अनगोळ, टिळकवाडी, शहापूर, वडगाव या आमच्या भागांत तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत एक-दोन संगणक मांडून डीटीपी करणारी मंडळी होती. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, आणि श्रावण लागला की मंडळांची पावती पुस्तके व स्मरणिका. संगणक दोन असले तरी लॉक एक असे. मग एका संगणकावर मजकूर टंकित करायचा आणि दुसऱ्यावर चित्रे लावणे, जाहिरातींच्या चौकटी आखणे अशी बिनमराठी कामे करायची. घाई असेल तर रात्रपाळी. प्रुफातली एक वेलांटी दुरुस्त करायची असली तरी लॉकवाल्या संगणकाची पाळी येईपर्यंत थांबावे लागे. आमच्या परिचयाच्या एका डीटीपीवाल्याचे लॉक ऐन गणपतीच्या तोंडावर वळवाच्या विजेसारखे कडाडून आलेल्या पावसात जळाले. प्रोग्रामचे बिल त्याच्याजवळ होते, सीडी होती, क्रमांक होता. पण नवा ठोकळा येईपर्यंत त्याच्या हातात मराठी नव्हती. त्या आठवड्यात त्याने मजकूर दुसऱ्याकडे लावून घेतला आणि मंडळांची कामे वेळेवर दिली, पण कमाई दुसऱ्याच्या घरी गेली.

तरीही आम्ही या कंपन्यांना दोष देणार नाही. मराठी टंकांचा बाजार लहान होता. एकेक जोडाक्षर आखायला कुशल माणसे महिनोन् महिने राबत होती. कुलूप नसते तर एका सीडीवर सारा जिल्हा चालला असता आणि टंक करणाऱ्यांचे दुकान बंद झाले असते. गेट्स यांचा प्रश्न आपल्या पुण्यालाही लागू होताच.

दुसऱ्या प्रतीची सवलत आणि आपला कायदा

दरम्यान मोठ्या कंपन्यांच्या करारांत एक मधला मार्ग निघाला. लोक ऑफिसात टेबलावरचा संगणक वापरू लागले आणि प्रवासात लॅपटॉप. माणूस एक, यंत्रे दोन. मग मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस संचाच्या सुट्या विकत मिळणाऱ्या प्रतीत अशी सवलत आली, की मुख्य वापरकर्त्याने स्वतःच्याच वापरासाठी दुसरी प्रत लॅपटॉपवर घालावी. अडोबीच्या करारातही लॅपटॉप किंवा घरचा संगणक यांवर दुसरी प्रत चाले. मात्र दोन्हींवर एकाच वेळी काम करायचे नाही. म्हणजे आधी यंत्राला बांधलेला परवाना आता माणसाला बांधला गेला. बोरलँडच्या पुस्तकाचाच हा धाकटा भाऊ.

ही सवलत संगणकाबरोबर बसवून आलेल्या प्रतीला मात्र नसे. नव्या संगणकात आधीच घातलेले विंडोज बहुधा त्याच यंत्राशी बांधलेले असते. यंत्र मेले की परवानाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून दुकानात बिल करताना प्रत सुटी आहे की यंत्राबरोबरची, हे विचारून घ्यावे. आमच्या व्यापारी मित्रांना हा फरक टॅलीमुळे चटकन कळेल. बंगळूरच्या या हिशोबाच्या प्रोग्रामची एक प्रत एकट्या वापरकर्त्यासाठी मिळते, ती सिल्व्हर; आणि एका कार्यालयातल्या जोडलेल्या अनेक संगणकांसाठीची ती गोल्ड. किंमत वेगळी, कारण अट वेगळी. उद्यमबागेतील कारखान्यांत आराखडे काढण्याच्या प्रोग्रामचे तसेच. काही परवाने संगणक मोजतात, तर काही एका वेळी किती जण काम करत आहेत ते मोजतात.

आपला कायदा काय म्हणतो, हेही थोडक्यात सांगतो. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामला कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीचे स्थान मिळाले. कायद्याच्या नजरेत कादंबरी आणि प्रोग्राम एका पंक्तीला बसले. १० मे १९९५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने चोरलेली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही शिक्षा आली: किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते.

याच कायद्याच्या ५२ व्या कलमात वापरकर्त्याच्या बाजूच्याही गोष्टी आहेत, त्या मात्र फारसे कोणी सांगत नाही. रीतसर घेतलेला प्रोग्राम हरवेल, बिघडेल म्हणून राखीव प्रत काढून ठेवणे हा गुन्हा नाही. आणि १९९९ च्या दुरुस्तीने असे जोडले, की स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, व्यापारी हेतू नसलेल्या वैयक्तिक वापरासाठी प्रत काढणे हे कॉपीराइटचे उल्लंघन नव्हे. घरच्या दुसऱ्या संगणकाच्या दृष्टीने हे वाक्य फार मोलाचे आहे. पण ते घरापुरते. छापखाना, दुकान, कचेरी यांना त्याचा आधार घेता येणार नाही. आणि करारात कबूल केलेल्या अटींचा प्रश्न वेगळा उरतोच.

न्यायालयांतही हा विषय गाजला, पण तो कराच्या निमित्ताने. २००४ साली टाटा कन्सल्टन्सी आणि आंध्र प्रदेश राज्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीडीवर विकला जाणारा तयार प्रोग्राम ही 'वस्तू' आहे, म्हणून तिच्यावर विक्रीकर लागतो, असे ठरवले. मार्च २०२१ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटले, की असा प्रोग्राम घेणाऱ्याला त्याचा कॉपीराइट मिळत नाही, केवळ मर्यादित वापराचा हक्क मिळतो. पुस्तक आपले, पण त्यातला मजकूर छापून विकण्याचा हक्क लेखकाचा, तसेच हे.

यंत्र, माणूस आणि आता खाते

२००१ साली विंडोज एक्सपी आले आणि कुलूप बदलले. ठोकळ्याऐवजी आता प्रोग्राम स्वतःच इंटरनेटवरून किंवा फोनवरून कंपनीला कळवू लागला, की मी अमुक यंत्रावर बसलो आहे. याला 'ॲक्टिव्हेशन' म्हणतात. कंपनीच्या वहीत नोंद झाली तरच प्रोग्राम चालायचा. यात सोय होती, कारण ठोकळा हरवण्याची भीती गेली. पण धोकाही होता, कारण वही कंपनीची. ती वहीच मिटली तर?

तसे घडलेही. अडोबीने आपल्या सीएस२ या जुन्या संचाची नोंद घेणारे सर्व्हर बंद केले, आणि रीतसर गिऱ्हाइकांसाठी २०१३ च्या सुरुवातीला नोंदणी न लागणारी वेगळी प्रत द्यावी लागली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१३ ची सुटी प्रतही एकाच यंत्राला कायमची बांधली होती. यंत्र बदलले की प्रत नवीन घ्या, असा अर्थ झाला. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला आणि मार्च २०१३ मध्ये कंपनीने माघार घेतली. प्रत दुसऱ्या संगणकावर हलवण्याची मुभा दिली. करारनामा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नसते, लोक बोलले की ती पुसतेही, याचे हे उदाहरण.

२०१३ पासून अडोबीने नवे संच विकणेच थांबवून भाड्याने देणे सुरू केले. आता परवाना ना यंत्राचा, ना माणसाचा, तो खात्याचा. प्रोग्राम अनेक संगणकांवर घाला, पण आपल्या खात्याने एका वेळी दोनच संगणकांवर आत शिरता येईल. भाडे थांबले की दार बंद. दुसऱ्या संगणकाचा प्रश्न सुटला खरा, पण पहिल्याच संगणकावरचा ताबा सैल झाला.

खरे कुलूप कोठे होते

इथवरचा इतिहास प्रोग्रामचा झाला. आता मुद्द्याची गोष्ट. मराठीच्या बाबतीत कुलूप एकटे प्रोग्रामला नव्हते, ते मजकुरालाही लागले.

इंग्रजी मजकुराला सर्वत्र एकच संकेत होता. एका प्रोग्राममध्ये टंकित केलेले दुसऱ्यात वाचता येई. देवनागरीसाठीही १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक झाले होते. पण डीटीपीच्या टंकांनी ते पाळले नाही. प्रत्येक कंपनीने अक्षराचे तुकडे, काने, वेलांट्या आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागांवर बसवले. अर्धा 'क' एका जागी, काना दुसऱ्या जागी. त्यामुळे तो टंक नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी डोक्यावर टिंबे आणि शेंड्या असलेली रोमन अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. त्यात शब्द शोधता येत नाही आणि अकारविल्हे यादी लावता येत नाही.

परिणाम असा झाला, की प्रोग्रामच्या परवान्याबरोबर आपला मजकूरही दुसऱ्या संगणकावर जाण्यापासून अडला. प्रोग्राम कंपनीचा होता, ते मान्य. पण लेख कोणाचा होता? तो मंडळाचा, लिहिणाऱ्याचा होता. त्याला कुलूप लावण्याचा हक्क कोणी मागितला नव्हता आणि कोणी दिलाही नव्हता. तो आपोआप गेला.

आम्ही कर्नाटक शासनाच्या नोकरीत आहोत. दिवसा कन्नड आणि संध्याकाळी मराठी, हा आमच्या भागातल्या हजारोंचा नित्यक्रम. त्यामुळे तुलना सहज मनात येते. कन्नडसाठी कन्नड गणक परिषदेने 'नुडी' हा प्रोग्राम केला आणि शासनाने तो कचेऱ्यांत वापरात आणला. तो मोफत मिळे. शेषाद्री वासू यांचा 'बरह' १९९८ मध्ये आला. त्यात कन्नडबरोबर देवनागरीही लिहिता येई. म्हणजे कन्नडला दुसऱ्या संगणकाची अडचण पैशाच्या बाजूने पडली नाही. तरीही नुडीच्या जुन्या फाइली तो टंक नसलेल्या संगणकावर उघडल्या की तीच शेंड्यांची अक्षरे. यातून धडा असा, की परवाना मोफत असला तरी संकेत सर्वांचा नसेल तर मजकूर अडकतोच.

सर्वांचा संकेत आला तो युनिकोडमुळे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीला जागा आहे. 'क' म्हणजे एकच ठरलेला क्रमांक, मग संगणक बेळगावचा असो की बोस्टनचा. विंडोज २००० पासून त्यासोबत 'मंगल' हा टंक आला. तो आखला होता आपल्या र. कृ. जोशी यांनी. पण छापखाने लगेच वळले नाहीत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड कळत नसे. हातातले काम, हातातले लॉक, हातातली सवय. म्हणून युनिकोड आल्यावरही कित्येक वर्षे स्मरणिका जुन्याच संकेतात लागत राहिल्या.

नाथांची अट पुन्हा

आज चित्र बदलले आहे. 'लोहित', 'मुक्ता', 'बालू' असे देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तर 'मोदक' नावाचा गुबगुबीत टंक याच परवान्याखाली दिला आहे. गणपतीच्या फलकाला याहून योग्य नाव कोणते! हे टंक कितीही संगणकांवर घालावेत, छापखान्याला द्यावेत, पुस्तकात वापरावेत. दुसरा संगणक हा प्रश्नच उरत नाही.

पण अट इथेही आहे, आणि ती वाचून आम्हाला आनंद झाला. टंकाच्या आखणीत बदल केला आणि करणाऱ्याने मूळ नाव राखून ठेवले असेल, तर बदललेल्या टंकाला ते नाव देता येत नाही. नुसता टंक तेवढा वेगळा विकताही येत नाही. प्रती हव्या तितक्या करा, पण मुळाच्या नावावर आपले घालू नका. चारशे वर्षांपूर्वी नाथांनी पैठणला बसून वेगळे काय सांगितले होते?

याचा अर्थ विकत मिळणारे टंक वाईट, असा नाही. मथळ्यांसाठी, सुलेखनासाठी, वर्तमानपत्रांसाठी कष्टाने केलेले टंक विकत घ्यावेत आणि त्यांची अट पाळावी. कारागिराचे मोल बुडवून बाप्पाची आरास करू नये. मात्र साधन कोणाचेही असो, भाड्याचे असो, मोजक्या संगणकांपुरते असो, त्यातून निघणारा मजकूर आपला राहिला पाहिजे आणि कोणत्याही संगणकावर उघडला पाहिजे.

मंडळांना विनंती

१९०५ साली लोकमान्यांच्या प्रेरणेने बेळगावच्या झेंडा चौकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा. १८४८ साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात जुने पुस्तक मागितले, तर पान उलटले की वाचता येते. जुळाऱ्याची परवानगी लागत नाही. पण १९९८ सालच्या स्मरणिकेची फाइल आज कोणी पेन ड्राइव्हवर आणून दिली, तर ती उघडेलच याची खात्री नाही. शिशातली अक्षरे टिकली आणि संगणकातली अडली, हे नव्या पिढीला पटणार नाही, पण तसे झाले आहे. त्या स्मरणिकांत लिहिणारे कित्येक शिक्षक, वारकरी, कामगार आज आपल्यात नाहीत. त्यांचे दुसरे लेखन कोठेच नाही.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना तीन गोष्टी सुचवतो. पहिली: छापखान्याकडून स्मरणिकेच्या पीडीएफबरोबर प्रत्येक लेखाचा युनिकोड मजकूरही मागून घ्यावा, काम देतानाच तसे ठरवावे. दुसरी: मंडळासाठी घेतलेल्या प्रोग्रामचे बिल, क्रमांक आणि खाते एका कार्यकर्त्याच्या नावावर न ठेवता मंडळाच्या नावावर ठेवावे आणि प्रत सुटी की यंत्राबरोबरची हे त्यावर लिहून ठेवावे. कार्यकर्ता बदलला, संगणक बदलला, तरी अडणार नाही. तिसरी आणि तातडीची: ज्यांच्याकडे जुना डीटीपीचा संगणक, जुने लॉक आणि जुन्या सीडी अजून चालू स्थितीत आहेत, त्यांच्याकडे जाऊन जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. हे बदलून देणारे प्रोग्राम मिळतात. नंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात, तेवढे काम कॉलेजची मुले सुट्टीत करू शकतील. संगणक भंगारात गेल्यावर मात्र काही करता येणार नाही. फाइली मिळाल्याच नाहीत तर छापलेल्या अंकावरून पुन्हा टंकलेखन करावे. तेही जमण्यासाठी आधी तो अंक कोणाच्या तरी माळ्यावरून खाली यावा लागेल.

यंदा आरासीचा सांगाडा उतरवला की, त्याच माळ्यावर एकदा नजर टाकावी.

गणपती बाप्पा मोरया!